मशीनला तीनच गळे होते

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. अमुक वळणावरची बाई, तमुक विहिरीवरचा माणूस... वाचायचं, हसायचं आणि जेवायला बसायचं. माझं कामच तसं आहे. सणसवाडीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. कंट्रोल पॅनल, सेन्सर, मोटर हे सगळं माझ्याकडे. मशीन बंद पडलं की ऑपरेटर म्हणतो, "साहब, अपने आप बंद हुआ." अपने आप काही होत नसतं. कुठेतरी वायर ढिली असते, कुठेतरी धूळ बसलेली असते. कारण सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की आपण नीट शोधलं नाही. या एका वाक्यावर माझी नोकरी चाललीय. म्हणून तर हे लिहू की नको करत इतके महिने काढले.

आणि आधीच सांगून टाकतो, यात अमावस्या नाही, कुत्रंही रडत नाही. रविवारची दुपार होती आणि शेजारी मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट चाललं होतं.

आम्ही शिरूरचे, मराठी ख्रिस्ती. जुन्या मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि देवळात क्वायर बसवायचे. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) गावात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे.

माझ्या लहानपणी एक परदेशी डॉक्टर मिशनमध्ये राहून गेले. जाताना त्यांनी आपला होम कॉम्प्युटर बाबांना देऊन टाकला. आजच्या मुलांना दाखवला तर नुसता जाडजूड कीबोर्ड वाटेल. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून लोड करायचा. टेपरेकॉर्डर सुरू केला की किर्रर्र असा कान किटवणारा आवाज... आणि खूप वेळाने स्क्रीनवर काहीतरी उमटायचं. तेही नशीब असेल तर.

त्या मशीनमध्ये आवाजाची एक चिप होती. तिला एका वेळी तीन स्वर वाजवता यायचे. बाबांना हे कळलं आणि ते वेडेच झाले. क्वायरच्या गाण्यात चार ओळी असतात – वरची सोप्रानो, म्हणजे मुख्य चाल; तिच्याखाली अल्टो, तीही बायकांचीच; मग पुरुषांचे टेनर आणि बास. चौघं वेगवेगळं गातात आणि एकत्र गोड लागतं. बाबा एकेका ओळीचे स्वर आकड्यांत बसवून मशीनला शिकवायचे. पण ओळी चार आणि मशीनला येणार तीन! त्यांनी तोड काढली. अल्टो मशीनला द्यायचाच नाही. अल्टो आई गायची. बाबा टीव्हीसमोर बसून तिला हाक मारायचे, "अगं, ये लवकर. ह्याला तीनच गळे हायेत, चौथा तुझा!" आणि आई हात पुसत पुसत येऊन उभ्यानेच गायची.

तिचा अल्टो बाबांनी कधी लिहिला नाही. स्वतः गाऊन दाखवायचे, ती उचलायची.

मी आठवीत असताना बाबांनी नाताळसाठी स्वतःचं एक गाणं करायला घेतलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची. मशीनमधल्या तीन ओळी झाल्या. आईला अल्टो शिकवायचा तेवढा राहिला होता. आणि एका सोमवारी शाळेत, प्रार्थनेच्या वेळी, बाबा छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर आई देवळात गायली नाही. जायची प्रत्येक रविवारी, गीतपुस्तक उघडायची, सगळ्यांबरोबर उभी राहायची. ओठ मिटलेले. कुणी विचारलंच तर म्हणायची, "घसा बरा न्हाई." वीस-पंचवीस वर्षं कुणाचा घसा बरा नसतो का? पण पुढे कुणी विचारेनासं झालं.

आता मुद्द्याचं. माझी बायको रूथ हल्ली आमच्या देवळाचा क्वायर बघते. ती नगरची. लग्न होऊन शिरूरला आली तेव्हा बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिने त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचं ते गाणंही कधी ऐकलेलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाताळची गाणी ठरवताना ती मला म्हणाली, "तू लोकांची जुनी मशीनं दुरुस्त करून देतोस. सरांच्या कॅसेटी मात्र कपाटात तशाच. त्यांचं ते गाणं काढून दे ना, बसवू या."

जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा छंद. ऑनलाइन आमचा एक ग्रुपही आहे. कुणाची कॅसेट आली की तिच्यातलं आजच्या फाइलमध्ये आणून द्यायचं, असलं चालू असतं. मी रूथला म्हटलं, काढतो. फक्त आईला आत्ताच काही सांगू नकोस. टेप खराब निघाली तर उगाच तिच्या जिवाला घोर.

त्या रविवारी उपासनेनंतर आई शेजारच्या मावशींकडे गेली होती. मी बाहेरच्या खोलीत सगळं मांडलं. टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट पार विरघळला होता, तो नवा घातला. हेड स्पिरिटने पुसलं. पहिल्यांदा लोड झालं नाही, दुसऱ्यांदा अर्ध्यात लटकलं. मग हेडचा स्क्रू किंचित फिरवला, आणि बाबांचा प्रोग्राम स्क्रीनवर आला. वर त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं – 'नाताळ गीत, तीन आवाज.' इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच.

टेपरेकॉर्डरचं काम तिथे संपलं. कॅसेट काढून बाजूला ठेवली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळे हेच विचारतात. यानंतर जे वाजलं ते मशीनने वाजवलं, टेपने नाही.

मी दोन कामं केली. मशीनच्या आवाजाची वायर लॅपटॉपला जोडून गाणं रेकॉर्ड केलं, म्हणजे त्याची एमपीथ्री करून क्वायरच्या लोकांना फोनवर पाठवता येईल. दुसरं म्हणजे, बाबांनी भरलेले आकडे वाचून त्यांची मिडी फाइल बनवली. मिडीमध्ये आवाज नसतो. कुठला स्वर किती वेळ धरायचा याच्या सूचना असतात. रूथच्या कीबोर्डला ती चालते. तीन ओळी, तीन ट्रॅक. रेकॉर्डिंग चालू असताना टीव्हीच्या फुटक्या स्पीकरवर मी गाणं ऐकलं. चाल सुंदर होती. बाकी सगळं एकात एक मिसळून गेलं होतं.

रूथ हेडफोन लावून एमपीथ्री ऐकत कागदावर सोलफा लिहायला बसली, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत स्वर उतरवायला. ती गाणी अशीच बसवते, कानावरून. मी वायरी गुंडाळत होतो. बऱ्याच वेळाने तिने हेडफोन काढला.

"सुधीर, सरांनी अल्टो काय लिहिलाय रे! सगळ्यांत गोड तोच आहे."

"टेनर म्हणायचंय का तुला?"

"मला टेनर नि अल्टो कळत नाही का?"

"अगं, अल्टो नाहीये त्यात. तीनच ओळी आहेत."

तिने कागद पुढे केला. चार ओळी होत्या.

मी हेडफोन लावला. एक गोष्ट स्पष्ट करतो, तो माणसाचा आवाज नव्हता. बाबांचा आवाज, कुजबुज, असलं काही नाही. बाकीच्या तीन ओळींसारखाच मशीनचा पीं-पीं आवाज. पण ओळ चौथी होती. आणि ती वेगळी चालत होती. शेवटच्या कडव्याआधी एक जागा आहे, तिथे सोप्रानो, टेनर, बास तिघंही थांबतात. आणि त्या शांततेत हा अल्टो एकटाच हळूहळू वर चढतो... मग बाकीचे त्याला येऊन मिळतात.

मी मिडी लावून पाहिली. तीन ओळी. त्या जागी शांतता.

मशीनवर गाणं पुन्हा लावलं, पुन्हा रेकॉर्ड केलं. चार.

आता मी माझ्या कामावर आलो. बाबांचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चिपच्या एकाच आवाजावर दोन स्वर झरझर आलटून-पालटून वाजवले तर जादा ओळीचा भास होतो, ही जुनी युक्ती आहे. पण तसलं काही त्यात नव्हतं. पुढच्या सुट्टीला ऑसिलोस्कोप, म्हणजे वायरमधला आवाज पडद्यावर लाटेसारखा दाखवणारं यंत्र, लावला. त्या चिपला आवाज बाहेर येण्याच्या तीन पिना आहेत, एकेका आवाजाची एकेक. पहिल्या पिनेवर सोप्रानो, दुसरीवर टेनर, तिसरीवर बास. बरोब्बर. मग पुढे तिन्ही वायरी एकत्र येऊन जो सांधा होतो तिथे त्याचं टोक, म्हणजे प्रोब, ठेवलं... आणि त्या शांततेच्या जागी तिन्ही पिना सपाट असताना सांध्यावर लाट दिसत होती. स्वच्छ. हलत होती, चढत होती.

रूथ शेजारी उभी होती. तिला म्हटलं, "हे असं होऊ शकत नाही."

ती म्हणाली, "होतंय की पण."

ग्रुपवर विचारलं. कुणी म्हणालं, दोन स्वर मिसळून तिसरा भासतो, तसं असेल. अरे, पण तिघंही गप्प असताना? कुणी म्हणालं, चिप जुनी झालीय. पुण्यातल्या एका मित्राकडे याच मॉडेलचं मशीन आहे, त्यावर बाबांचा प्रोग्राम चालवला. तीन ओळी. आमच्या मशीनवर देवळातली दुसरी गाणी भरून पाहिली. तीनच. हे एक गाणं, या एका मशीनवर – चार.

भीती वाटली का? सांध्यावरची ती लाट पाहताना वाटली, हे कबूल. पण त्याहून मोठा प्रश्न आईचा होता. तिला हे ऐकवायचं का? आणि काय म्हणून ऐकवायचं? रूथ म्हणाली, "सरांनी हा भाग कुणाला तरी ऐकवला असेलच. गाणं करणारा माणूस पोटात ठेवतो होय?"

मग योहानमामा आठवले. आईचा धाकटा भाऊ, रेल्वेतून रिटायर होऊन दौंडलाच राहिलेले. बाबांच्या क्वायरचे ते टेनर. शनिवारी एसटीने प्रॅक्टिसला शिरूरला यायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत.

आम्ही दोघं न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. हंगाम सुरू झाला होता, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. मामांचं घर स्टेशनच्या जवळच. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मशीनचं मी काहीच सांगितलं नव्हतं, रूथलाही ताकीद होती. नुसतं विचारलं, "मामा, बाबांच्या शेवटच्या गाण्यातला आईचा भाग तुम्ही कधी ऐकला होता का?"

मामांनी कप खाली ठेवला.

"एकदाच," ते म्हणाले. "शिरूरच्या स्टँडवर. मला सोडाय आले होते दाजी. दौंडची गाडी काय येईना. मला म्हनले, योहान, आक्काचा भाग जमला बघ, ऐक. आन् लागले शीळ घालायला. समदा स्टँड बघाय लागला. मी म्हनलं, दाजी, सर हाय तुम्ही, काय हे! तर हसले नुसते. तो रविवार... आन् सोमवारी निरोपच आला."

"आठवतोय का तुम्हाला?"

"आठवतोय का म्हंजी? इसरलोच न्हाई कवा."

मामांचे पुढचे दात गेलेत, शीळ नीट येत नाही. पण त्यांनी घातली. खिडकीबाहेर मालगाडी शंटिंग करत होती, मध्येच तिचा भोंगा झाला, ते थांबले आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. रूथने पर्समधून आपला कागद काढला आणि बोट ठेवून वाचत गेली. त्या शांततेच्या जागी मामा एकटेच वर चढत गेले... तसेच, त्याच स्वरांवरून. रूथचं बोट कागदावर थांबलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग मी मोबाइलवर त्यांना गाणं ऐकवलं आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "आईला कधी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार, पोरा? आक्का म्हनली, त्या गान्याचं नाव काढायचं न्हाई. मी गप्प बसलो. आधी वाटलं दोन म्हैन्यांनी सांगू, मग वाटलं वर्सानी... मग ऱ्हाऊनच गेलं." मग उठून खुंटीवरचा सदरा काढत म्हणाले, "चला. मी येतो तुमच्यासंगं."

घरी पोचलो तेव्हा आई चहाच टाकत होती. भावाला अचानक दारात बघून घाबरली. "काय रं योहान? सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय आक्का. बस जरा. दाजींचं काहीतरी ऐकवायचंय."

मी बाहेरच्या खोलीत मशीन सुरू केलं. फाइल नाही, मशीनच लावलं. आई दारात गाळणी हातात घेऊन उभी राहिली. गाणं सुरू झालं. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही, स्क्रीनकडेच बघत राहिलो. गाणं संपलं. आत चहा उतू गेल्याचा वास आला, रूथ पळाली.

आई म्हणाली, "परत लाव."

लावलं. या वेळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. ती शांततेची जागा आली, अल्टो वर चढला, आणि आई एकदम म्हणाली, "थांबव. हितं श्वास कुठं घ्यायचा?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"हे कायम असंच करायचे," ती चिडून म्हणाली. "श्वासाला जागाच ठेवायचे न्हाईत! माणूस हाय का भाता? कितींदा सांगितलं होतं ह्यांना." आणि डोळे पदराने पुसत म्हणाली, "लाव पुन्हा. पहिल्यापासून."

आणि ती गायली. पहिला स्वर फाटला. दुसऱ्याला खोकला आला. रूथ पाणी घेऊन आली, ते तिने हातानेच बाजूला सारलं. चढाच्या जागी तिने मध्येच एक श्वास चोरला, स्वतःच्या सोयीने, आणि वर पोचली. मामांनी खालून टेनर धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं पुरं ऐकलं, माणसांच्या गळ्यातून.

मशीन हे कुठून वाजवतंय, असं आईने विचारलं नाही. मीच सांगायला गेलो – पिना, सांधा, लाट. तिने ऐकून घेतलं, जसं मी लहानपणी शाळेतल्या मारामाऱ्या सांगायचो तेव्हा घ्यायची तसं. म्हणाली, "व्हय का? बरं." आणि रूथला विचारलं, "प्रॅक्टिस कवा ठेवलीय?"

नाताळच्या उपासनेला मामा दौंडहून आले. आई अल्टोच्या रांगेत उभी होती, हातात गीतपुस्तक नाही, काही नाही. रांग म्हणजे ती आणि तीन मुली. मुली झारखंडच्या. सणसवाडीत कंपनीत कामाला आहेत, तिथेच खोली करून राहतात आणि रविवारी आमच्या देवळात येतात. आईने त्यांना महिनाभर घरी बोलावून शिकवलं होतं, अर्धं मराठीत, अर्धं तिच्या त्या हिंदीत – "बेटा, इधर श्वास नहीं लेनेका, उधर लेनेका." गाणं उभं राहिलं. बाकीच्या तीन ओळी थांबल्या, आणि त्या चौघी एकत्र वर चढत गेल्या. मागच्या बाकावरून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. सरांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यांच्यातलाच कुणीतरी असेल.

आई आता दर रविवारी गाते. आवाज पूर्वीसारखा नाही, दम लागतो. पण शनिवारी आमची बाहेरची खोली मुलींनी भरलेली असते आणि तिचा आरडाओरडा गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मामांनी दौंडला निवांत बसायचं सोडून पुन्हा शनिवारची एसटी धरलीय.

माझं म्हणाल तर मी अजून शोधतोय. मशीनचे कपॅसिटर बदलले, सांधा नव्याने सोल्डर केला, पॉवर सप्लाय बदलला. त्या गाण्याला अजूनही चार ओळी येतात. वाचकांत कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील आणि काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी करून बघेन. नीट शोधलं नाही, असं आता मला म्हणता येत नाही.

मागच्या शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी मी असाच प्रोब लावून बसलो होतो. आई मुलींसाठी सतरंजी अंथरत होती. मी म्हटलं, "आई, तुला खरंच काही वाटत नाही का? कसं होत असेल हे?"

तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते कसं होतं ते सांगणारा गेला," ती म्हणाली. "तू उठ आता. बासला माणूस कमी हाय, तू बासमध्ये उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो.